विकासनिधीच्या भरवशावर मशीन घ्यावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावी तुमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे आणि ते बरं चालतं. गेल्या काही वर्षांत आमदार निधी, जिल्हा नियोजन, नगरपंचायत अशा सगळीकडून कामं निघाली. गल्लोगल्ली पेव्हर ब्लॉक बसले, पण ब्लॉक मात्र शेजारच्या तालुक्यातून आले. तेव्हा आपणच ४० लाखांचा पेव्हर ब्लॉकचा प्लांट टाकावा आणि पीएमईजीपीतून (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) कर्ज-अनुदान घ्यावं, असं तुमच्या मनात आहे. दोन कंत्राटदारांनी ‘माल तुमचाच घेऊ’ म्हणून सांगितलंय. एक नगरसेवक मित्र भागीदारीत यायला तयार आहे. आणि जाता जाता तुम्ही विचारलंय की दरवर्षी एवढा निधी येतो, तर इथले छोटे धंदे त्या मानाने वाढत का नाहीत.

मी लघुउद्योजकांचे प्रकल्प अहवाल आणि खेळत्या भांडवलाचे हिशेब करून देतो. त्यामुळे सरकारी कामांवर उभे राहिलेले आणि सरकारी कामांपायी बसलेले, असे दोन्ही प्रकारचे ताळेबंद माझ्यासमोर येतात. तुमचा जाता जाता विचारलेला प्रश्न आधी घेतो, कारण मशीन घ्यायचं की नाही याचं उत्तर त्याच्यातच आहे.

जिल्ह्याला किती कोटी मंजूर झाले हा आकडा पेपरात पहिल्या पानावर असतो, पण तुमच्या कामाचा तो नाही. त्यातला रुपया तुमच्या खात्यात कोणत्या महिन्यात येतो, किती हातांतून येतो आणि तोवर बँकेचा हप्ता कशातून भरायचा, हे तुम्हाला कळायला हवं.

सरकारी पैसा छोट्या धंद्यापर्यंत तीन वाटांनी पोचतो. सरकार थेट किंवा कंत्राटदारामार्फत तुमचं गिऱ्हाईक होतं, ही एक वाट. रस्ता, गटार, वीज, पाणी, बाजारओटे यांमुळे तुमची जागा सुधारते, ही दुसरी. आणि अनुदान म्हणून पैसा थेट तुमच्या कर्जखात्यात येतो, ही तिसरी. तुमच्या योजनेत या तिन्ही एकमेकींत मिसळल्या आहेत. निधी पहिल्या वाटेने येणार, मशीन तिसऱ्या वाटेने घ्यायचं, आणि दुसऱ्या वाटेचा तर तुम्ही विचारच केलेला नाही. माझ्या मते तुमच्या खऱ्या फायद्याची तीच आहे. पण आधी पहिली वाट.

‘निधी’ म्हणून आपण ज्याला हाक मारतो ते एक खातं नाही. जिल्हा नियोजन समिती १९९८ च्या कायद्याने बसवलेली, पालकमंत्री अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी सदस्य सचिव. तिच्या वार्षिक योजनेत सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि आदिवासी असे वेगवेगळे कप्पे. त्याशिवाय खासदारांचे वर्षाला ५ कोटी, आमदारांचे वेगळे, ग्रामविकास खात्याचा ‘२५१५’ चा निधी, नगरपरिषदांसाठी नगरोत्थान, रस्त्यांसाठी ‘३०५४’ आणि ‘५०५४’ (हे सगळे सरकारी लेखाशीर्षांचे, म्हणजे खर्चाच्या खात्यांचे क्रमांक), आणि ग्रामपंचायतींना केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी. प्रत्येकाची अट निराळी. पंधराव्या वित्त आयोगाचंच बघा. २०२१ ते २०२६ या त्याच्या काळात ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या रकमेतला ६० टक्के भाग पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला होता, उरलेला ४० टक्के मोकळा. म्हणजे ‘गावाला वित्त आयोगाचे इतके लाख आले’ हे ऐकून त्या सगळ्याचे पेव्हर ब्लॉक बसतील असं धरलंत, तर निम्म्याहून जास्त बाजार कागदावरच उडून जातो.

शिवाय हा पैसा कालव्याच्या पाळीसारखा येतो. पाणी सोडलं की सगळ्यांच्या शेतात एकदम, नाहीतर कुणाच्याच नाही. एप्रिलमध्ये वर्ष सुरू होतं, पण एप्रिलात काम निघत नाही. निधी हप्त्याहप्त्याने वितरित होतो. मग कामांची यादी, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा. मध्ये पावसाळा, मध्ये दिवाळी. कार्यारंभ आदेश (वर्क ऑर्डर) हातात पडेपर्यंत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारी उजाडतो आणि पुढे मार्चएंड. जिल्हा परिषदेला जिल्हा नियोजनाचा निधी खर्चायला दोन वर्षांची मुभा असते, त्यामुळे तिथली कामं आणखी रेंगाळतात.

निवडणुकांची आचारसंहिता लागली की सुरू असलेलं काम चालू राहतं, नवा कार्यारंभ आदेश निघत नाही. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि विधानसभेची १५ ऑक्टोबरला. एकाच वर्षात दोनदा. त्याआधीपासून, २०२२ नंतर, अनेक नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडून प्रशासक बसले होते. निवडून आलेली मंडळी नाहीत म्हणून त्या संस्थांचा वित्त आयोगाचा निधीही अडकला. यात ब्लॉकवाल्याचा काडीचा दोष नव्हता, पण हप्ता त्यालाही चुकला नाही.

आता हे वेळापत्रक ब्लॉकच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून बघा. पेव्हर ब्लॉकचं मानक आहे आयएस १५६५८, आणि त्यातली ताकद मोजतात २८ दिवसांनंतर. ब्लॉक साच्यातून निघाला की विकायला तयार, असं नसतं. त्याला पाणी मारायचं, थप्पी लावून ठेवायचा, दिवस भरू द्यायचे. कंत्राटदार मात्र मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करतो, ‘संध्याकाळी ट्रॅक्टर पाठवतोय, चार हजार फूट भरून द्या.’ तुमच्याकडे तेव्हा सहा-आठ दिवसांचा माल असतो. ट्रॉलीतून उतरवतानाच त्याचे कोपरे उडतात, नखाने खरवडलं तर पावडर निघते. नाही म्हणालात तर तो शेजारच्या तालुक्यात जातो. हो म्हणालात आणि नमुना तपासणीला गेला, तर नापास झाल्यावर कंत्राटदाराचं बोट तुमच्याकडे. हे टाळायचं तर ऑक्टोबरपासून माल करून ठेवायला हवा. म्हणजे ऑर्डर हातात नसताना सिमेंट, क्रश (दगडाचा बारीक चुरा) आणि मजुरीत तीन-चार महिने पैसा गुंतवायचा. शेजारच्या तालुक्यातला कारखानदार तुमच्या गावात माल आणून टाकू शकतो तो याच जोरावर. मशीन त्याच्याकडे आहे तसं तुम्हीही घ्याल, पण त्याच्याकडे साठा करून बसायची ऐपत आहे. तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात मला ती ओळ दिसली नाही.

पुढचा मुद्दा, या साखळीत तुम्ही कुठे उभे आहात. काम मिळतं कंत्राटदाराला, तुम्हाला नाही. ठरावीक रकमेच्या आतली कामं सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात ठरलेल्या प्रमाणात वाटली जातात. हेतू चांगला आहे, आणि त्यातून खरोखर उभे राहिलेले तरुण अभियंते मी बघतो. पण तुमच्या बाजूने त्याचा अर्थ असा की तुमची गिऱ्हाइकं बहुतेक कमी भांडवलाची माणसं असणार. कामं लहान, त्यातही निविदा बऱ्याचदा ‘बिलो’, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा कमी दराने, भरलेली, वर ‘टक्का’ म्हणून जे काही जातं ते वेगळं. उरलेल्यात कुठे काटकसर करायची तर ती मालवाल्याच्या बिलात. शिवाय त्याला पैसे मिळतात काम झाल्यावर नव्हे. मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हावी लागते, बिल वर जावं लागतं आणि त्या लेखाशीर्षात रक्कम शिल्लक असावी लागते. राज्यभर थकीत बिलांसाठी कंत्राटदारांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या ते तुम्ही वाचलं असेलच. कंत्राटदाराचं बिल थकलं की त्याच्या मागे रांगेत उभा असलेला ब्लॉकवाला, खडीवाला, ट्रॅक्टरवाला आपोआप थकतो. फक्त त्यांची संघटना नसते.

एक हिशेब मांडतो. आकडे समजुतीसाठी आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. समजा जीएसटी सोडून १० लाखांचा माल दिलात. सिमेंट, क्रश, रंग, वीज, मजुरी, भाडं धरून तुमचा खर्च साडेआठ लाख, म्हणजे व्याज सोडून नफा दीड लाख. साडेआठ लाख कॅश क्रेडिटमधून (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) उचललेत आणि व्याज १२ टक्के धरलं, तर महिन्याला ८,५०० रुपये. पैसे सहा महिन्यांत आले तर ५१ हजार व्याजात गेले, लाखभर उरले, ठीक आहे. वर्ष लागलं तर १ लाख २ हजार गेले, उरले ४८ हजार. अठरा महिने लागले तर १ लाख ५३ हजार, म्हणजे नफा संपून पदरचे तीन हजार. आणि जीएसटी? १० लाखांवर १८ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार. सिमेंट-क्रशच्या खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा जाता साधारण लाखभर रुपये पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचे. गिऱ्हाइकाने पैसे दिलेत की नाही, हे पोर्टल विचारत नाही.

त्यावर मुदत कर्ज वेगळं. अनुदान आणि स्वतःचा वाटा वजा करून २६ लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी ११ टक्क्यांनी धरलं, तर महिन्याचा हप्ता साडेचव्वेचाळीस हजारांच्या आसपास जातो. निधीचा हंगाम चार महिन्यांचा, हप्ते बारा. तुमचं वर्कशॉप चांगलं चालतंय म्हणता. पहिली दोन वर्षं हा हप्ता त्या वर्कशॉपला ओढावा लागेल असंच धरून चाला. ते झेपत असेल तर पुढचं बोलू. नसेल तर एका बऱ्या चाललेल्या धंद्याच्या गळ्यात दुसरा धंदा अडकवण्यासारखं होईल.

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की. आहे. तुम्ही उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी केलेली असेल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, तेही चक्रवाढ, व्याज मागता येतं. दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे. जीएसटीतही एक खिळा आहे. बिलापासून १८० दिवसांत मालाचे पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. हा दुसरा मुद्दा कंत्राटदाराच्या सीएच्या कानावर घातला, की मागणीपत्र पाठवण्यापेक्षा लवकर हालचाल होते, असा माझा अनुभव आहे. परिषदेत गेलात तर बहुधा न्याय मिळेल, पण तालुक्यातले दहा-बारा कंत्राटदार एकमेकांना ओळखतात. एकावर केस केली की बाकीच्यांच्या ऑर्डरीही आटतात. म्हणून हा हक्क ज्याच्याशी पुन्हा व्यवहार करायचाच नाही अशा गिऱ्हाइकासाठी राखून ठेवावा लागतो, आणि धंद्याची आखणी त्याच्यावर करता येत नाही.

‘निधी येतो तरी धंदे का वाढत नाहीत’ याचं अर्धं उत्तर यात आलं. पैसा येतो तेव्हा तो गावातून वाहत पुढे जातो. सिमेंट बाहेरचं, स्टील बाहेरचं, डांबर बाहेरचं, मोठं मशीन भाड्याने बाहेरून. गावात उरते ती मजुरी, वाहतूक, खडी आणि साइटवरचा चहा. त्यातून उलाढाल होते, पण ती काम संपलं की संपते. धंदा वाढायला पुढच्या वर्षी पुन्हा येणारं गिऱ्हाईक लागतं, आणि एकदा ब्लॉक बसलेली गल्ली निदान काही वर्षं तरी पुन्हा गिऱ्हाईक होऊ नये. (होते, हे मला माहीत आहे. चांगले ब्लॉक उखडून नवे बसवल्याचे आणि वर आधीच्यापेक्षा मोठा फलक लावल्याचे नमुने प्रत्येक तालुक्यात सापडतील. पण त्यावर प्रकल्प अहवाल लिहिता येत नाही.)

आता दुसरी वाट, म्हणजे जागा सुधारणं. इथे निधीचा परिणाम हळू होतो, पण टिकतो. एमआयडीसी १९६२ साली सुरू झाली तेव्हा तिने कुणाला धंदा दिला नव्हता. आखलेला भूखंड, रस्ता, पाणी आणि वीज एवढंच दिलं, आणि एकट्या उद्योजकाला स्वतःच्या खिशातून न जमणारं तेच होतं. एका भागातल्या अनेक उद्योगांना सामाईक सोय देणाऱ्या क्लस्टर योजनांमागचा विचारही हाच. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी वापरलेली वाळू पुन्हा कामाची करण्यासाठी सामाईक सोय उभी केली, ती एखाद्या लहान फाउंड्रीला कधीच परवडली नसती. सरकारी पैसा अशा ठिकाणी लागला की अनेकांचा उत्पादन खर्च कायमचा खाली येतो. तुमच्या वर्कशॉपपुरतं बोलायचं तर नगरपंचायतीने शंभर बाक घेण्यापेक्षा तुमच्या भागाचा फीडर (वीज आणणारी वाहिनी) सुधारला आणि वेल्डिंग चालू असताना व्होल्टेज पडायचं थांबलं, तर ते जास्त मोलाचं. पण फीडरपुढे उभं राहून उद्घाटनाचा फोटो चांगला येत नाही.

जागा सुधारते तेव्हा फायदा नेमका कुणाला होतो, हेही बघावं लागतं. बाजारपेठेतला रस्ता काँक्रीटचा झाला, दिवे लागले, गटार बंदिस्त झालं, की वर्दळ वाढते. दोन वर्षांत गाळ्याचं भाडं आणि डिपॉझिट वाढतं. दुकानदार भाडेकरू असेल आणि करार ११ महिन्यांचा असेल, तर रस्त्याने आणलेला जादा गल्ला बराचसा गाळामालकाकडे जातो. धंदा तेवढाच राहतो, जागेची किंमत वाढते. म्हणून मी ओळखीच्या भाडेकरू दुकानदारांना सांगतो की कामाची निविदा निघाल्याचं कळताच तीन-पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करून घ्या. रस्ता झाल्यावर बोलणी करायला गेलात तर उशीर झालेला असतो.

आणि काम चालू असतानाचे महिने? ते कुणी मोजत नाही. खोदकामात पेठ सात-आठ महिने बंद, गिऱ्हाईक दुसऱ्या रस्त्याला लागलेलं. वर एक हमखास घोळ असा की जुना रस्ता न उकरता त्याच्यावरच काँक्रीट ओततात. रस्ता फूट-सव्वा फूट वर येतो, दुकानाचं जोतं खाली जातं आणि पहिल्याच मोठ्या पावसात पाणी आत. मग दुकानदार स्वतःच्या पैशाने उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो, शटर कापून घेतो, फरशी उचलून घेतो. तुम्ही फॅब्रिकेशनवाले आहात, तुमच्याकडे अशी शटरं आलीच असतील.

माझा मुद्दा इथेच आहे. निधीच्या कामामागे लोक स्वतःच्या खिशातून जो खर्च करतात, त्याच्याकडे तुमचं लक्ष हवं. शटर कापणं हे त्याचं छोटं रूप. नवा रस्ता झाला, पाण्याची लाइन गेली, की दोन-तीन वर्षांत त्या बाजूला प्लॉट पडतात, घरं उभी राहतात, मंगल कार्यालय येतं, गोदाम येतं, पेट्रोल पंप येतो. यातल्या प्रत्येकाला गेट, ग्रिल, जिन्याचं रेलिंग, पत्र्याची शेड, कंपाउंडचे अँगल लागतात. हा माणूस आगाऊ रक्कम देतो, काम बघून उरलेले देतो, फार तर महिनाभर रखडवतो. त्याला मोजमाप पुस्तिका नसते, आचारसंहिता नसते. अंगणासाठी आणि पार्किंगसाठी त्यालाही पेव्हर ब्लॉक लागतात. म्हणजे ब्लॉकचा धंदा चुकीचा नाही. तुम्ही गिऱ्हाईक चुकीचं धरलंय.

तिसरी वाट, अनुदान, थोडक्यात. पीएमईजीपीत उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान, विशेष गटांना २५ आणि ३५. शहरी-ग्रामीण ठरतं ते हद्दीवरून. प्लांट नगरपंचायतीच्या हद्दीत टाकलात तर शहरी दर, ग्रामपंचायतीच्या हद्दीत टाकलात तर ग्रामीण. तुमच्या ४० लाखांवर हा फरक ४ लाखांचा आहे, तेव्हा जागा ठरवण्याआधी सातबारा कुठल्या हद्दीतला ते बघा. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. पहिलं कर्ज फक्त नव्या युनिटला मिळतं, चालू वर्कशॉपच्या विस्ताराला नाही. त्यामुळे हे युनिट खरोखर वेगळं दाखवता आलं पाहिजे. आणि अनुदानाची रक्कम तुमच्या हातात येत नाही. ती तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहते, युनिट चालू असल्याची तपासणी झाल्यावर कर्जात वळती होते. मधल्या काळात पगाराला किंवा सिमेंटच्या बिलाला तिचा काही उपयोग नाही. मी अनुदान शून्य धरून हिशेब करायला लावतो. तसा तो बसला तरच अर्ज भरायचा.

हे सगळं काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. जागा तुमची स्वतःची आहे का? वर्कशॉपवर आधीचं कर्ज आहे का? शेजारच्या कारखान्यापासून तुमचं गाव किती लांब? ब्लॉक जड असतो, वाहतुकीत मार खातो, आणि अंतर ४०-५० किलोमीटरांच्या पुढे असेल तर तुमच्या बाजूने तो खरा मुद्दा आहे. नगरपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न कसं आहे? घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली चांगली असलेली संस्था छोटी बिलं स्वतःच्या निधीतून वेळेवर देते. फक्त अनुदानावर जगणारी देऊ शकत नाही, तिथला मुख्याधिकारी कितीही सज्जन असो.

तुमच्या जागी मी असतो तर पुढच्या दोन महिन्यांत ही माहिती काढली असती. आसपासच्या ग्रामपंचायतींचे आराखडे आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर दिसतो. त्यात ब्लॉकची कामं किती आणि त्यातली प्रत्यक्ष खर्ची पडलेली किती, ते काढा. नगरपंचायतीच्या मागच्या तीन वर्षांच्या निविदा महाटेंडर्स या राज्याच्या निविदा पोर्टलवर बघा. मग ‘माल तुमचाच घेऊ’ म्हणणाऱ्या त्या दोन कंत्राटदारांकडे जा. ऑर्डरीचं विचारू नका, शेवटच्या तीन बिलांच्या तारखा विचारा. काम कधी संपलं, बिल कधी निघालं. त्यांना सध्या माल देणाऱ्या खडीवाल्याला गाठता आलं तर त्याच्याकडून जास्त खरं कळेल. याबरोबर खासगी गिऱ्हाईक मोजा. गेल्या वर्षभरात तुम्ही जिथे जिथे गेट बसवलंत, त्यातल्या किती जणांनी अंगणात ब्लॉक घातले आणि कुठून आणले? ही यादी तुमच्याच वहीत आहे, एका रविवारचं काम.

आकडे बरे आले तरी ४० लाखांचा हायड्रॉलिक प्लांट पहिल्या दिवशी नको. व्हायब्रेटिंग टेबल, पॅन मिक्सर आणि साच्यांचे दोन-तीन प्रकार घेऊन खासगी अंगणांपासून सुरुवात करा. टेबल आणि साचे ठेवायचे रॅक तर तुम्ही स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवू शकता, हा तुमचा फायदा दुसऱ्याकडे नाही. त्याच साच्यांच्या जोडीने कंपाउंडचे सिमेंट खांब करता आले तर शेतकरीही गिऱ्हाईक होतो. पहिल्या खेपेपासून प्रयोगशाळेचा २८ दिवसांचा रिपोर्ट करून ठेवा, पुढे तो दाखवूनच दर मागता येईल. सरकारी कामाचा माल द्यायचा, पण उधारीची मर्यादा ठरवून. मी सहसा सांगतो की सरकारी साखळीतली येणी एकूण विक्रीच्या एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नका, आणि निम्मी रक्कम ट्रॉली भरण्याआधी घ्या. मार्चमध्ये हे ऐकायला कंत्राटदार तयार असतो, कारण तेव्हा गरज त्याला असते. एप्रिलमध्ये तो फोनही उचलत नाही. दोन हंगाम असे काढलेत, खासगी विक्रीतून खर्च निघतोय असं दिसलं, तर मोठ्या प्लांटचा अहवाल घेऊन बँकेत जा. तेव्हा मॅनेजरसमोर ठेवायला तुमच्याकडे विक्रीची बिलं असतील.

राहता राहिला नगरसेवक मित्र. तो निवडून आलेला सदस्य आहे, आणि नगरपंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा स्वतः किंवा भागीदारामार्फत हितसंबंध असणं हे त्याच्या अपात्रतेचं कारण होऊ शकतं. माल कंत्राटदारामार्फत गेला तरी विरोधक ‘अप्रत्यक्ष हितसंबंध’ म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज टाकतीलच. मग सुनावण्यांत तुमच्या फर्मची बिलं आणि बँक खातं तपासलं जाईल, आणि तोवर नगरपंचायतीतलं कुणी तुमच्या मालाची बिलं पुढे सरकवायला धजावणार नाही. पत्नीच्या किंवा भावाच्या नावाने भागीदारी करू असं तो सुचवेल. त्यालाही नको म्हणा. त्याच्याकडून भांडवल घेऊ नका. प्रभागात नव्याने घर बांधणाऱ्या लोकांची ओळख करून द्यायला सांगा, तेवढं तो सहज करू शकेल.